लढवय्या

अतिदक्षता विभागाबाहेरच्या खोलीत डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा आता बरे होणार नाहीत. मशीन चालू ठेवायचं, की त्रास थांबवून शांतपणे जाऊ द्यायचं? त्यांना काय आवडलं असतं?"

"बाबा लढवय्ये आहेत. शेवटपर्यंत लढतील," थोरला मुलगा छाती पुढे काढून म्हणाला.

आजी फिस्सकन हसली. "लढवय्ये? हे गृहस्थ दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीतून दोनदा पळालेत. एकदा तर तोंडात कापसाचा बोळा घेऊन."

"आई, काहीतरीच काय! इथे पंधरा दिवस टिकलेत ना?"

"टिकतील नाहीतर काय करतील? सारखे नळ्या उपटतात, म्हणून नर्सबाईंनी त्यांचे दोन्ही हात खाटेला बांधलेत."

मग थोरल्यानेच खाली बघत विचारलं, "डॉक्टर, हात कधी सोडता?"