फियाट सुरू झाली

सुयोगने जुनी फियाट टो करून मुलुंडच्या सोसायटीत आणली, तेव्हापासून त्याचा संसार पार्किंगमध्येच होता. कार्ब्युरेटर उशाशी घेऊन झोपायचं तेवढं बाकी राहिलं होतं. "हेरिटेज आहे गं, तुला नाही कळायचं," असं तो म्हणायचा, आणि त्याच्या ग्रीसने माखलेल्या हातांपेक्षा त्याच्या बायकोला, कल्पिताला, त्या सुराचीच जास्त किळस यायची. ती तापाने फणफणली तेव्हाही डॉक्टरकडे एकटीच रिक्षाने गेली, कारण त्याचा मेकॅनिक यायचा होता.

रविवारी दुपारी त्याचा फोन आला. "अगं, सुरू झाली! अख्खी सोसायटी टाळ्या वाजवतेय! लवकर खाली ये, आणि येताना तुझी एखादी जुनी सुती साडी आण. पुसायला मऊ कापड हवंय."

"कपाट उघडून बघ, सुयोग. एकही साडी नाहीये. मी पार्ल्याला आईकडे आलेय, कायमची. सकाळी बॅगा घेऊन तुझ्यासमोरूनच गेले. तू म्हणालास, बाजूला हो, उजेड अडवतेस."

फोनवर मागे इंजिनाची घरघर चालूच होती.

"अरे यार," तो म्हणाला, "मग आता पुसू कशाने?"