भरतीचा माणूस

रांगेत एक माणूस कमी पडत होता.

तुरुंगाच्या आवारात ओळख परेडीची तयारी चालली होती. आरोपीसारखे दिसणारे लोक त्याच्याबरोबर उभे करायचे आणि साक्षीदाराने त्यातून गुन्हेगार ओळखायचा, अशी ही रीत. आरोपी उंच, गव्हाळ, तिशीचा, मिशीवाला. तशा चणीचे कच्चे कैदी नेमके त्या दिवशी कोर्टात तारखेला गेलेले. मॅजिस्ट्रेट घड्याळाकडे बघू लागले, तेव्हा प्राध्यापक भीमाचार्यांनी भेटीला आणलेल्या आपल्या विद्यार्थ्यांवरून नजर फिरवली. ती दामोदरवर थांबली. उंची जमत होती, वर्ण जमत होता आणि मिशीही होती.

त्याची बायको कल्पना त्या मिशीची नेहमी थट्टा करी. खुर्ची मिळायच्या आधीच साहेबांची मिशी आली, असं ती म्हणे, आणि दामोदरही हसे. आज मात्र त्याने टाळून पाहिलं. आपला प्रबंधच या खटल्यावर आहे, अभ्यास करणाऱ्याने लांबूनच बघावं, असं त्याने नम्रपणे सांगितलं.

"उद्या तुरुंगाचा अधीक्षक व्हायचंय ना तुम्हाला?" भीमाचार्य म्हणाले. "मग एकदा या रांगेतून जग कसं दिसतं ते बघा."

त्यांनी त्याच्या हातातली फाईल काढून घेतली. सगळा वर्ग बघत होता. आता नाही तरी कोणत्या तोंडाने म्हणणार?

फौजदारी न्याय-प्रशासनाचा हा पदव्युत्तर वर्ग बंगळूरच्या बसवनगुडीत संध्याकाळी भरे. साल त्र्याण्णव. पोलीस, तुरुंग, सरकारी वकिली यांतल्या वरच्या जागांवर डोळा ठेवून नोकरदार मंडळी तिथे येत. दामोदर एका सरकारी कारखान्याच्या सुरक्षा विभागात होता. वडिलांची फियाट विकल्यापासून तो मल्लेश्वरमहून बसने लोंबकळत येई, पण वर्ग कधी चुकवत नसे. पहिला नंबर त्याने सोडला नव्हता.

आरोपीचं नाव संतोषकुमार. टॅक्सी ड्रायव्हर. एका संध्याकाळी, दिवेलागणीला, एका गाडीने गुंडूराव नावाच्या म्हाताऱ्या दुकानदाराला उडवलं होतं. गाडीवाला उतरला, त्याने वाकून बघितलं आणि तो पळाला. गुंडूरावांनी बायकोच्या, गोदूबाईंच्या मांडीवर, रस्त्यातच प्राण सोडला. पोलिसांनी गोदूबाईंना गाडीचा रंग विचारला, नंबर विचारला. पुढे काही विचारलं नाही. कित्येक महिने कोणी सापडेना. मग दिवा फुटलेली एक टॅक्सी मिळाली आणि तेवढ्यावर संतोषकुमारला उचललं. त्याला जामीन राहायला कोणी नव्हतं. आज गोदूबाईंचा हात त्याच्या खांद्यावर पडला, की त्याच्या संसाराची माती होणार होती.

वर्गात चर्चा झाली तेव्हा सगळ्यांचं मत पडलं की माणूस बरोबर धरलाय. एकटा दामोदर म्हणाला, तो निर्दोष आहे. आधार काय, असं भीमाचार्यांनी विचारलं, तेव्हा त्याला सांगता येईना. मग त्याने प्रबंधाचा विषयच तो घेतला, साक्षीदाराच्या आठवणीवर किती विसंबावं. चोर सोडून संन्याशाला फाशी होते ती अशीच, हे तो पोटतिडकीने मांडी. संतोषकुमार सुटावा असं त्याला अगदी मनापासून वाटे. त्या माणसाच्या काळजीने त्याला धड जेवणही जात नसे.

आता तोच संतोषकुमार त्याच्या शेजारी उभा होता. त्याचा हात दामोदरच्या हाताला लागत होता.

गोदूबाईंना आत आणलं. जुन्या बंगळूरकर मराठी घरातली बाई, पण मॅजिस्ट्रेटशी बोलल्या त्या अस्खलित कन्नडमध्ये. रांगेवरून त्या एकदा गेल्या. मागे फिरून पुन्हा आल्या. मग त्यांनी विनंती केली, की तो माणूस वाकला होता तसं या सगळ्यांना वाकायला सांगा. मॅजिस्ट्रेटनी ते मान्य केलं.

"सरी," ते म्हणाले. "सगळ्यांनी वाका."

त्यांच्या कारकुनाने खुर्ची आणली, पण ती बाईंनी नको म्हटली. त्या खाली फरशीवरच मांडी घालून बसल्या. एकेक जण त्यांच्यासमोर येऊन वाकू लागला आणि त्या खालून त्याच्या तोंडाकडे बघू लागल्या. संतोषकुमार वाकला. बाईंनी त्याला बराच वेळ न्याहाळलं आणि नकारार्थी मान हलवली. मग दामोदर वाकला.

बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मागे विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी हसू दाबलं. मॅजिस्ट्रेटनी पुन्हा विचारलं, नक्की का? बाई म्हणाल्या, नक्की. मॅजिस्ट्रेटनी नोंद केली, की साक्षीदाराने आरोपीऐवजी भरतीच्या माणसावर बोट ठेवलं, सबब ओळख पटली नाही. संतोषकुमार मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. त्याच्याविरुद्ध आता काहीच उरलं नव्हतं. दामोदरलाही भरून आलं.

भीमाचार्य खुशीत होते. "बाईंनी तुमचा प्रबंध पुरा केला," ते म्हणाले. "माणसाची आठवण ही अशी असते. हे सगळं लिहा. सुवर्णपदक कुठे जात नाही."

मंडळी चहाकडे वळली. गोदूबाई अजून फरशीवरच होत्या. उठायला आधार हवा म्हणून त्यांनी नेमका दामोदरकडे हात केला. सगळ्यांच्या देखत नाही कसं म्हणायचं? तो पुन्हा वाकला. बाईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं, पण त्या उठल्या नाहीत. तिथे त्या दोघांखेरीज मराठी कोणालाच कळत नव्हतं, आणि दामोदरने तर सकाळपासून मराठीचा एक शब्द उच्चारला नव्हता.

"‘आजी, डॉक्टरला घेऊन येतो’ म्हणून गेलास," त्या मराठीत, अगदी हळू म्हणाल्या. "तेव्हा मिशी नव्हती तुला."