पायाखालचा चढ

नदीपलीकडच्या नव्या बागेचं आणि पुलाचं उद्घाटन दसऱ्याला होतं. त्याआधी लोकांना पुलावर चालून बघायला मोकळीक होती. पूल म्हणे ज्याची जेवढी ताकद, तेवढाच चढ पायाखाली ठेवायचा. तरी कुंभारवाड्यातल्या शेवंताला निम्म्यातच धाप लागली. ती ज्यांच्याकडे स्वयंपाकाला जायची त्या वृंदाताई, दोन्ही गुडघे बदललेले असूनही, झपाझप पुढे निघाल्या.

"अगं, सपाट तर आहे!"

शेवंताच्या मनात पाल चुकचुकली.

पलीकडच्या देवळात आरतीच्या गर्दीत दोघींच्या चपलांची अदलाबदल झाली. परतताना शेवंता भरभर चालली आणि वृंदाताई कठडा धरून खाली बसल्या.

"आता कुठून आला गं हा चढ?"

शेवंताने दोघींच्या पायांकडे पाहिलं. "ताई, हा ताकद नाही बघत. चपला बघतो."

घटस्थापनेला नेहमीसारख्या अख्ख्या कुंभारवाड्याने चपला सोडल्या. नऊ दिवस पूल सगळ्यांना सपाट झाला.

दसऱ्याला व्रत सुटलं, पण चपला कुणीच घातल्या नाहीत. सगळे नटूनथटून पुलाशी पोचले, तर तिथे नवी पाटी होती : 'आपल्या सुरक्षेसाठी अनवाणी प्रवेश बंद.'