एकही ओरखडा नसलेली गाडी

डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी आधी चष्मा काढला. घड्याळवाल्यांना तेवढ्यावरच कळलं.

सह्या करून ते खाली आले, गाडीत बसले आणि सवयीने बायकोला म्हणाले, "दार नीट लाव." मग शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत तसेच बसून राहिले.

दोन महिन्यांनी मुलीने फोनवर विषय काढला. "बाबा, विका आता ती गाडी. तुमचे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत."

"विकतो. पण रास्त भावात. जास्त नको, कमीही नको."

म्हणून रविवारी सकाळी चुंबकराव आले. जुन्या गाड्या पारखणं हा त्यांचा धंदा. खिशात कायम लोहचुंबक, म्हणून हे नाव. उंची जेमतेम पाच फूट, आवाज मात्र ट्रकच्या हॉर्नसारखा.

विलायती सलून गाडी अंगणात उभी होती. चार दारं, गोल दिवे, आत लाकडी पट्टी. मागच्या चाकांना दोन लाकडी ठोकळे लावलेले. तसलाच तिसरा ठोकळा फाटक उघडं धरून बसलेला.

"गंज आहे," घड्याळवाले स्वतःच म्हणाले. "दारांच्या खालच्या कडांना आणि डिकीत. लिहून घ्या. पण ओरखडा एकही नाही. माझ्याशिवाय कोणी चालवलेलीच नाही."

"वहिनींनी?"

"तिने? एकदा शिकवायला बसलो होतो. अर्ध्या तासात क्लच जळाल्याचा वास आला आणि मी ओरडलो. उतरली आणि तरातरा चालत घरी. म्हणाली, मी आपली शेजारीच बरी. नाहीतरी माझे पाय कुठे पुरतात!"

चुंबकराव हसले. "आमच्याकडे गाडी मी चालवतो. मला बायको चालवते."

त्यांनी चुंबक काढलं. बॉनेटला टक. छताला टक. उजव्या दारांना टक, टक. मागच्या डाव्या दाराला लावलं आणि ते खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं.

"इथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मोठा पोचा बुजवून वरून रंग दिलाय. काम झकास आहे. पण गाडी ठोकलेली आहे."

"शक्यच नाही."

"चुंबक खोटं बोलत नाही हो. मालक बोलतात."

घड्याळवाल्यांचा चेहरा लाल झाला. "चाळीस वर्षं लोकांची घड्याळं उघडली. कुणाचा एक स्क्रू बदलला तरी सांगून बदलला."

"रागावू नका. कशी ठोकली ते कळलं तर भाव थोडा उतरेल. नाही कळलं तर बराच. आणि न सांगता विकली तर ती फसवणूक."

"फसवणूक माझ्या हातून होणार नाही. काम किती जुनं असेल?"

"सात-आठ वर्षं."

घड्याळवाल्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे मी हॉस्पिटलात होतो तेव्हा! सोमवार होता, दुकान बंद. दुपारी घरी टेबलावरच कोसळलो, डोळ्याला भिंग तसंच. रुग्णवाहिकेने नेलं, असं ही म्हणाली. दहा मिनिटं उशीर झाला असता तर गेलोच होतो. बारा दिवसांनी आलो, तर गाडी चकचकीत. म्हटलं, मी आलो म्हणून हिने गॅरेजवाल्याकडून धुवून घेतली. त्या गॅरेजवाल्यानेच नेताना ठोकली असणार. त्याला सोडत नाही मी."

"आधी चालवून तर बघू."

"त्या रुग्णवाहिकेच्या लोकांना मी अजून विसरलो नाही," घड्याळवाले किल्ली देताना म्हणाले. "दर वर्षी त्याच तारखेला फळांची टोपली नेऊन देतो. ते म्हणतात, तुमचं नाव आमच्या वहीत सापडत नाही, पण फळं गोड आहेत. टोपली हीच भरायची. एकेक फळ दाबून बघायची. म्हणायची, चांगलीच घ्या हो, आभाराची आहेत."

चुंबकराव गाडीत बसले. सीट पुढे सरकेना, रूळ गंजला होता. पाय क्लचपर्यंत पोचेना.

"हसू नका. ते ठोकळे द्या इकडे, पाठीमागे घालतो."

घड्याळवाल्यांनी चाकांचे दोन आणि फाटकाचा एक असे तिन्ही आणून दिले.

चुंबकरावांनी एक उलटा केला. "याला चामड्याचे पट्टे कशाला?"

"टांगायला असतील. हॉस्पिटलातून आल्यावर डिकीत सापडले. तीच म्हणाली, चाकांना लावा."

चुंबकराव वाकले. एक ठोकळा क्लचवर ठेवला, पट्टा आवळला. घट्ट बसला. दुसरा ब्रेकवर. तिसरा सर्वांत लहान, तो ॲक्सिलरेटरवर. मग त्यांनी बोटाने क्लचवरच्या ठोकळ्याची धूळ पुसली. मधोमध लाकूड गुळगुळीत झिजलं होतं, लहान चपलेएवढं.

"एका दिवसात नाही झिजत हे," ते म्हणाले. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

घड्याळवाल्यांनी वाकून त्या झिजलेल्या जागेवर बोट फिरवलं.

चुंबकराव उतरले. फाटकाच्या डाव्या खांबाजवळ जाऊन त्यांनी हात लावला. दाराच्या उंचीवर सिमेंटचा वेगळा तुकडा दिसत होता.

"इथे काय झालं होतं?"

"ट्रक लागला, म्हणाली."

"तुम्ही पाहिला?"

"मी हॉस्पिटलात होतो."

घड्याळवाले सावकाश मागच्या डाव्या दाराशी गेले. पुट्टीवर तळहात टेकून उभे राहिले.

"किंमत काय लिहू?" चुंबकरावांनी विचारलं.

सात वर्षांत सात टोपल्या रुग्णवाहिकेकडे गेल्या होत्या. सातही तिने भरून दिल्या होत्या. तिचे आभार मानायचे राहिले होते.