स्वाराचा चेहरा

अधिकाऱ्याने छापखान्यातून उचलून आणलेलं चित्र मेजावर ठेवलं. मासिकात हा घोडेस्वार बोटाच्या पेराएवढा छापला होता, तोही धूसर. शाईने काढलेलं मूळ चित्र मात्र हातभर होतं. हनुवटीवरचा वणसुद्धा स्पष्ट दिसत होता.

"कोण हा?"

"गोष्टीतला स्वार," चित्रकार म्हणाला. "किल्ल्यातून निसटलेला."

"तुमचा धाकटा भाऊही निसटलाय. आमच्या कोठडीतून. तार ओलांडताना त्याची हनुवटी फाटली. तो वण तुम्ही पाहिलात कधी?"

"मी मनानेच काढतो, साहेब."

खिडकीशी आई सदऱ्याला बटण लावत बसली होती. अधिकारी तिच्याकडे वळला. "आजी, ओळखता याला?"

तिने चष्मा सारखा केला. दर महिन्याला चित्र छापखान्यात जायच्या आधी ती ते डोळे भरून बघून घ्यायची.

"गोष्टीतली माणसं मी कुठली ओळखणार, बाबा?"

"मग काही बिघडत नाही. पुढच्या अंकात मारा याला. आत्ता काढा, माझ्यासमोर."

चित्रकाराने कोरा कागद ओढला, टाक दौतीत बुडवला. घोडा झाला, लगाम झाला. चेहऱ्याशी येऊन हात अडला.

"तोच चेहरा हवा," अधिकारी म्हणाला. तो कागदाकडे बघतच नव्हता. त्याची नजर आईवर खिळली होती.

टाकाची खरखर तेवढी ऐकू येत होती. हनुवटी आली, वण आला. स्वार मागे कलंडला. भाला छातीत आरपार.

आईची सुई थांबली नाही. "रक्त फार दाखवू नकोस रे," मान वर न करता ती म्हणाली. "लहान मुलं वाचतात ते."

अधिकारी आणखी थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने टोपी चढवली. "हेच छापून येऊ दे."

जिन्यावरचे बूट ऐकू येईनासे झाले, तरी दोघंही हलली नाहीत. रस्त्यावर गाडी सुरू होऊन लांब गेली, तेव्हा आई उठून मेजाशी आली. चित्रावर वाकली आणि भाला शिरला होता तिथे हळूहळू फुंकर घालू लागली.

"आई, अगं..."

"शाई ओली आहे अजून," ती म्हणाली. "फिसकटेल."