गंगावन

लांब वेणी असली तरच संयोगिताला इस्लामपूरचं बागायतदार घर मिळणार होतं, म्हणून मावशीनं तिच्या आखूड केसांना पंक्चरच्या सोल्युशननं गंगावन चिकटवलं. बघायला आलेल्या सासूनं वेणी ओढून पाहिली, तरी ते टिकलं. लग्नानंतर पाचव्या दिवशी सासू तिला न्हाऊ घालायला बसली आणि तिची बोटं नेमकी जोडावर थांबली.

"आत्याबाई, चुकलं..."

"गप. बघायला आले तवाच कळलं हुतं." सासूनं जोडावर खोबरेल जिरवलं. "वढू नगंस, मुळासकट केस येत्यात. सैल करून तसंच ऱ्हाऊ दे. माझा विश्वजीत पिऊन आला की आधी बायकूची वेणी धरतो. गंगावन त्येच्या हातात ऱ्हाईल, तू मागल्या दारानं पळ."

"कळलं हुतं, तर मला पसंत का केलंसा?"

"पयल्या सुनेची वेणी खरी हुती, बाय."