मालकीण हजर

थर्मामीटर चार अंश दाखवत होतं आणि फ्रीजची वायर जमिनीवर सुटी पडली होती.

निरीक्षकाने थर्मामीटरची सुई पुसली आणि दुधाच्या पिशव्यांमध्ये पुन्हा खुपसली. चार. मग काउंटरवरच्या काचेच्या गरम कपाटातल्या पावात खुपसली. पासष्ट. त्या कपाटाला तर वायरच नव्हती.

हे आकडे त्याला तोंडपाठ होते, कारण ते त्याचेच होते. गेली तीन वर्षं, दर तीन महिन्यांनी, कोपऱ्यावरच्या या दुकानाच्या तपासणी अहवालात तो हेच लिहीत आला होता, घरी जेवणाच्या टेबलाशी बसून. दुकानाचं तोंडही त्याने पाहिलं नव्हतं. कागदी घोडे नाचवण्यात अख्ख्या खात्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आजही तो आला नसता. पण नव्या साहेबांनी फर्मान काढलं होतं, की दुकानात उभं राहून फोटो काढा, नाहीतर अहवाल ग्राह्य धरणार नाही. तरी जित्याची खोड जाते थोडीच! आजचा अहवाल त्याने येताना बसमध्येच भरून टाकला होता. फक्त सही राहिली होती.

"तो बल्बही बघून घ्या," काउंटरमागच्या स्टुलावरून मालकीण म्हणाली. सत्तरीची, सडपातळ, हात मांडीवर ठेवून बसलेली. शटर अर्धंच वर होतं. त्याखालून वाकून तो आत आला तेव्हापासून ती जागची हलली नव्हती.

बाकीचे दिवे लागलेले होते, पण हात धुण्याच्या बेसिनवरचा बल्ब विझलेला होता. अहवाल फारच स्वच्छ असला तर वरच्यांना संशय येतो, म्हणून तो दरवेळी एखादा किरकोळ दोष घालायचा. या दुकानापुरता तो दोष ठरलेला होता. बेसिनवरचा बल्ब बंद, बदलण्याची सूचना दिली.

"बारा बल्ब बदलले, साहेब," ती म्हणाली. "लावला की त्याच दिवशी जातो. तुम्ही लिहिता ना तसं."

"तुम्हाला काय माहीत मी काय लिहितो?"

तिने मागच्या खिळ्याकडे मान वळवली. डाकेने आलेल्या अहवालांच्या प्रती तिथे टोचून ठेवल्या होत्या. सगळ्या त्याच्याच सहीच्या. सगळ्यांवर एकच ओळ होती. मालकीण हजर.

"मला जाऊन दोन वर्षं झाली," ती म्हणाली. एखाद्याने गिऱ्हाइकाला साबण संपल्याचं सांगावं तितक्या सहज. "इथेच, या स्टुलावर. लेकाने सगळं उरकलं आणि परगावी निघून गेला. शटर नीट ओढायलाही थांबला नाही मेला. मीही निघालेच होते. तेवढ्यात तुमचा कागद आला."

निरीक्षकाची पाचावर धारण बसली. तो शटरकडे वळला.

"आठ वेळा लिहिलंत, मी गेल्यावर. आठ वेळा मी उठून दाराशी गेले आणि आठ वेळा परत येऊन बसले." तिचा आवाज पहिल्यांदाच कापला. "दमलेय हो मी. आज तरी खरं लिहा."

त्याने पॅड छातीशी धरलं. खरं लिहायचं म्हणजे मागच्या आठही अहवालांना आपल्याच हाताने खोटं ठरवायचं. चौकशी लागणार, नोकरी जाणार. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. बायकोला तोंड कसं दाखवायचं? त्याने मधला रस्ता काढला. आयुष्यभर त्याने तेच केलं होतं.

"आज गैरहजर लिहितो, बाई. चालेल?"

"गैरहजर माणूस परत येतो, साहेब. मला परत यायचं नाहीये."

ती रागावली नाही. नुसती बघत राहिली, आणि हा शिव्यांची वाट बघत उभा राहिला. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. शेवटी त्याने पेन काढलं. बसमध्ये लिहिलेली ओळ आडवी खोडली आणि खाली लिहिलं, 'मालकिणीचं दोन वर्षांपूर्वी निधन झालं आहे. दुकान तेव्हापासून बंद आहे. इथल्या एकाही तपासणीला मी आलो नव्हतो.' अक्षर वेडंवाकडं आलं. त्याने सही केली.

मान वर केली तेव्हा स्टूल रिकामं होतं.

आणि मग वास आला. दोन वर्षांचा वास, सगळा एकदम. फ्रीजमधल्या पिशव्या फुगून फुटलेल्या होत्या, गरम कपाटात काळी बुरशी दाटली होती, आणि दिवा तर एकही लागलेला नव्हता. नाक दाबून, धडपडत तो शटरखालून बाहेर पडला.

बाहेर भर दुपारचं ऊन होतं. फुटपाथवर बसून त्याने खूप वेळ नुसता श्वास घेतला. नोकरी गेली तर गेली, म्हातारी तरी सुटली, असं त्याला वाटलं, आणि कित्येक वर्षांनी छाती हलकी झाली. मग पुढचा पत्ता बघायला त्याने पिशवीतून यादी काढली.

अजून एकेचाळीस दुकानं होती. एकाचंही दार त्याने कधी पाहिलं नव्हतं, आणि प्रत्येकासमोर त्याच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, हजर.